ओटीपोटातील धमनीच्या फुगवट्यासाठी गोरचे शाखायुक्त स्टेंट-ग्राफ्ट : एक परीक्षण

डब्ल्यू. एल. गोर ॲण्ड असोसिएट्स या अमेरिकी कंपनीचे ‘एक्सक्लूडर इलियाक ब्रांच एंडोप्रोस्थेसिस’ हे उपकरण ओटीपोटातील मोठ्या धमनीला आलेला फुगवटा आतून बंद करण्यासाठी आणि तसे करताना श्रोणीतील (कंबरेच्या हाडांमधल्या पोकळीतील) अवयवांना रक्त पुरवणारी शाखा उघडी ठेवण्यासाठी बनवलेले आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला २०१६ साली मान्यता दिली. या कामासाठी तिथे मान्यता मिळालेले हे पहिलेच शाखायुक्त उपकरण होते. रक्तवाहिन्यांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या विभागात काम करताना अशा उपचारांचे नियोजन आणि त्यानंतरची रुग्णांची वाटचाल मी जवळून पाहिली आहे, म्हणून माझे मत सुरुवातीलाच मांडतो. ज्याच्या धमन्यांची रचना या उपकरणाला साजेशी आहे आणि ज्याला अजून बरीच वर्षे हिंडायचे-फिरायचे आहे, त्याच्यासाठी हा आज उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम पर्यायांपैकी एक आहे. उपकरणाचे यश मात्र ते बसवण्याआधी घेतलेल्या मोजमापांवर आणि बसवल्यानंतर वर्षानुवर्षे होणाऱ्या तपासणीवर अवलंबून असते, आणि नेमक्या या दोन गोष्टींकडे रुग्णाचे व नातेवाइकांचे लक्ष सर्वांत कमी जाते.

आधी आजाराविषयी. हृदयाकडून खाली येणारी महाधमनी बेंबीच्या सुमारास दोन भागांत विभागते. या दोन शाखांना सामाईक इलियाक धमन्या म्हणतात, आणि पुढे प्रत्येकीचे पुन्हा दोन फाटे होतात. बाहेरची इलियाक धमनी जांघेतून पायाकडे जाते, तर आतली इलियाक धमनी श्रोणीत उतरून नितंबाचे स्नायू, मूत्राशय, मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग आणि जननेंद्रिये यांना रक्त पुरवते. सामाईक इलियाक धमनीचा व्यास प्रौढ माणसात साधारण १ ते १.२ सेंटिमीटर असतो. तो दीडपटीपेक्षा अधिक वाढला की त्याला ॲन्युरिझम, म्हणजे फुगवटा, म्हटले जाते. बहुतेक वेळा हा फुगवटा पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यासोबतच आढळतो. केवळ इलियाक धमनीला झालेला फुगवटा दुर्मीळ असतो, सर्व धमनीफुगवट्यांच्या २ टक्क्यांहूनही कमी. साठी ओलांडलेले पुरुष, दीर्घकाळ सिगारेट किंवा बिडी ओढलेले, रक्तदाब असलेले आणि ज्यांच्या सख्ख्या नात्यात असा फुगवटा झालेला आहे असे लोक यात प्रामुख्याने येतात.

हा फुगवटा ओळखणे कठीण असते, आणि त्याचे कारण त्याच्या जागेत आहे. महाधमनीचा मोठा फुगवटा सडपातळ माणसाच्या पोटावर हात ठेवला तर ठोक्यासह जाणवू शकतो. इलियाक धमनी श्रोणीच्या खोल खोबणीत असल्यामुळे तिचा फुगवटा हाताला सहसा लागत नाही. तो वाढत असताना बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. त्रास झालाच तर तो शेजारच्या अवयवांवरील दाबामुळे होतो, आणि म्हणून त्याचा माग भलतीकडे जातो. मूत्रवाहिनी दाबली गेली की मूत्रपिंड सुजते आणि शोध मूतखड्याचा सुरू होतो. नस (मज्जातंतू) दाबली गेली की कंबरेपासून पायापर्यंत कळ येते आणि तिला सायटिका समजून मालीश, शेक आणि वेदनाशामक गोळ्या चालू होतात. शीर दाबली गेली तर एकच पाय सुजतो. कंबरदुखीच्या असंख्य रुग्णांपैकी फारच थोड्यांच्या मुळाशी धमनीचा फुगवटा असतो हे खरे आहे, तरी साठीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषाची एकाच बाजूची जुनी दुखणी मणक्याच्या तपासणीतून उलगडत नसतील, तर पोटाच्या व श्रोणीच्या धमन्या एकदा तपासून घ्याव्यात असे मी आग्रहाने सांगेन. ओटीपोटात, कंबरेत किंवा जांघेत अचानक असह्य कळ येऊन घाम फुटला आणि चक्कर आली, तर तो फुटलेला फुगवटा असू शकतो. अशा वेळी घरी वाट न पाहता महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशा रुग्णालयातच थेट जावे.

इंग्लंडमध्ये ६५ वर्षांच्या पुरुषांना पोटाच्या महाधमनीच्या सोनोग्राफीसाठी सरकारी आरोग्यसेवेकडून बोलावणे येते. भारतात अशी राष्ट्रीय तपासणी मोहीम नाही. त्यामुळे आपल्याकडे हा फुगवटा प्रोस्टेटसाठी, मूतखड्यासाठी किंवा इतर कोणत्या कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने दिसतो. सोनोग्राफीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. आतड्यातील वायू आणि पोटावरची चरबी यांमुळे श्रोणीतल्या धमन्या झाकल्या जातात, आणि महाधमनीचे माप घेऊन तपासणी तिथेच थांबवण्याची सवयही पुष्कळ ठिकाणी असते. म्हणूनच महाधमनी फुगलेली दिसली तर दोन्ही इलियाक धमन्यांची मापे अहवालात आहेत का, हे आवर्जून पाहावे. उपचार करायचा की नाही हे ठरवण्यासाठी, आणि या उपकरणाचा विचार करण्यासाठी तर नक्कीच, सुमारे १ मिलिमीटर जाडीच्या कापांची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचे सीटी स्कॅन, लागते. तिच्यासाठी शिरेतून द्यावे लागणारे रंगद्रव्य मूत्रपिंडावर ताण आणू शकते, त्यामुळे आधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासले जाते आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना आठवणीने सांगावे लागते.

फुगवटा दिसला म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, असे नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत सामाईक इलियाक धमनीचे फुगवटे वर्षाला साधारण ३ मिलिमीटर वाढताना दिसले, आणि ३.८ सेंटिमीटरपेक्षा लहान फुगवटा फुटल्याचे त्या रुग्णांमध्ये आढळले नाही. युरोपातील रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत ३.५ सेंटिमीटर ही मर्यादा धरली होती, आणि ती आणखी थोडी पुढे नेता येईल असे मानणारे तज्ज्ञही आहेत. त्यामुळे अडीच सेंटिमीटरच्या फुगवट्यासाठी कोणी घाईने महागडे उपकरण बसवायला सांगत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे रास्त आहे. त्याला अपवाद आहेत : महाधमनीच्या फुगवट्यावर त्याच वेळी उपचार होणार असतील, फुगवटा झपाट्याने वाढत असेल किंवा त्यामुळे त्रास होत असेल, तर निर्णय केवळ आकड्यावर ठरत नाही.

आता हे उपकरण कोणती अडचण सोडवते ते पाहू. पोटातल्या महाधमनीचा फुगवटा जांघेतून नळी घालून आतून बंद करण्याची पद्धत १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी पहिल्यांदा वापरली, आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. तिच्यात धातूच्या जाळीवर कापडासारखे आवरण असलेली नळी धमनीत उघडली जाते आणि रक्त त्या नळीतून वाहू लागले की फुगवट्यावरचा दाब कमी होतो. नळीचे खालचे टोक मात्र निरोगी धमनीतच घट्ट बसले पाहिजे. सामाईक इलियाक धमनी शेवटपर्यंत फुगलेली असेल तर ते टोक तिच्यात बसत नाही; त्याला बाहेरच्या इलियाक धमनीत न्यावे लागते, आणि तसे केले की वाटेत असलेले आतल्या इलियाक धमनीचे तोंड झाकले जाते. पूर्वी यावर उपाय म्हणून आतली धमनी आधी धातूच्या कॉइलने (बारीक गुंडाळीने) मुद्दाम बंद केली जात असे आणि मग त्यावरून नळी टाकली जात असे. हा मार्ग सोपा आणि स्वस्त आहे, आणि आजही अनेक ठिकाणी तोच घेतला जातो.

त्याची किंमत रुग्ण नंतर चुकवतो. आतली इलियाक धमनी बंद केलेल्या रुग्णांपैकी साधारण चौघांमागे एकाला थोडे चालल्यावर नितंबात गोळे येऊ लागतात आणि थांबल्याशिवाय ते जात नाहीत. काहींचे हे दुखणे काही महिन्यांत कमी होते, काहींचे कायम राहते. पुरुषांमध्ये लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो. याबद्दल घरच्या माणसांसमोर डॉक्टरांना विचारायला रुग्ण संकोचतात आणि डॉक्टरही पुष्कळदा वयाकडे पाहून विषय टाळतात. माझ्या मते ही गोष्ट शस्त्रक्रियेआधीच, हवे तर नातेवाइकांना बाहेर थांबवून, स्पष्टपणे बोलली गेली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या आतल्या धमन्या बंद झाल्या तर मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि क्वचित मज्जारज्जूला रक्त कमी पडण्याचा धोका असतो. निदान एका बाजूचा तरी प्रवाह टिकवावा, हे मार्गदर्शक सूचनांमध्येही सांगितलेले आहे.

गोरच्या उपकरणात यासाठी दोन भाग आहेत. पहिला भाग सामाईक इलियाक धमनीत बसतो. तो वरच्या टोकाला २३ मिलिमीटर रुंद असून खाली दोन तोंडांत विभागलेला आहे, एक बाहेरच्या धमनीकडे आणि दुसरे, आखूड, आतल्या धमनीच्या दिशेला. दुसरा भाग म्हणजे या आखूड तोंडातून आतल्या धमनीत उतरणारी स्वतंत्र नळी. दोन्हींचे आवरण ताणलेल्या पीटीएफईचे (टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचे) आणि सांगाडा निकेल-टायटेनियमच्या नितिनॉल या मिश्रधातूचा आहे. नितिनॉल शरीराच्या उष्णतेला आपला ठरलेला आकार घेतो आणि वळणदार धमनीत न मोडता वाकतो. शेवटी महाधमनीत मुख्य एक्सक्लूडर नळी बसवून ती या भागाला जोडली जाते, आणि सगळे मिळून एका पायाच्या टोकाला पुन्हा फाटा फुटलेल्या पायजम्यासारखी रचना तयार होते.

बसवण्याची पद्धत मला विशेष विचारपूर्वक आखलेली वाटते. दोन्ही जांघांतील धमन्यांतून एक बारीक तार आरपार नेली जाते, म्हणजे तिचे एक टोक उजव्या आणि दुसरे डाव्या जांघेतून बाहेर राहते. पहिला भाग १६ फ्रेंच (नळ्यांच्या जाडीचे वैद्यकीय माप) शीथमधून, म्हणजे वाट करून देणाऱ्या पोकळ नळीतून, आत जातो आणि अर्धवट उघडला जातो, जेणेकरून आखूड तोंड मोकळे होईल पण अजून थोडी हालचाल करून ते नेमक्या उंचीवर आणता येईल. ही आरपार तार त्या तोंडातून आधीच ओवलेली असल्यामुळे दुसऱ्या जांघेतून १२ फ्रेंचची लवचीक शीथ महाधमनीच्या दुभाजकावरून सरकवत थेट तिथे नेता येते. मग आतली धमनी गाठून दुसरा भाग उघडला जातो. ओवलेल्या तारेची ही सोय नसती तर ते छोटे तोंड एक्स-रेच्या पडद्यावर शोधण्यात बराच वेळ गेला असता, आणि तेवढे रंगद्रव्य व किरणोत्सर्गही वाढला असता. अनुभवी चमूच्या हातात ही प्रक्रिया बहुतांश वेळा दोन्ही जांघांत केवळ सुई टोचून, मोठी चीर न देता पूर्ण होते आणि रुग्ण काही दिवसांत घरी जातो.

हे उपकरण सर्वांना बसत नाही, आणि हीच त्याची सर्वांत मोठी मर्यादा आहे. उत्पादकाच्या सूचनांनुसार मूत्रपिंडाच्या सर्वांत खालच्या मुख्य धमनीपासून इलियाक धमनीच्या फाट्यापर्यंत किमान १६५ मिलिमीटर अंतर हवे, सामाईक इलियाक धमनीत वरच्या बाजूला निदान १७ मिलिमीटर पोकळी हवी, आणि आतल्या इलियाक धमनीचा व्यास ६.५ ते १३.५ मिलिमीटरच्या दरम्यान असून नळी घट्ट बसायला किमान १० मिलिमीटर निरोगी लांबी हवी. बुटक्या बांध्याच्या माणसांत, विशेषतः स्त्रियांत, पहिली अट अडते. आतली धमनीही फुगलेली असेल तर शेवटची अट अडते. वेगवेगळ्या केंद्रांनी जुन्या सीटी तपासून पाहिल्या तेव्हा या सर्व अटींत काटेकोरपणे बसणारे रुग्ण निम्म्याहून कमी निघाले. अटींबाहेर जाऊन, आतल्या धमनीच्या एखाद्या पुढच्या फांदीत नळी टेकवून, उपकरण वापरणारे कुशल हातही आहेत. परंतु तसे करताना आपण सूचनांच्या बाहेर जात आहोत हे त्यांनी रुग्णाला सांगितले पाहिजे, आणि रुग्णाने तो प्रश्न विचारला पाहिजे.

आणखी एक उणीव मला खटकते. फुगवटा केवळ इलियाक धमनीला असला आणि महाधमनी निरोगी असली तरी सूचनांनुसार या उपकरणासोबत महाधमनीत मुख्य नळी बसवावीच लागते. एवढे जास्तीचे साहित्य निरोगी भागात टाकणे वैद्यकीयदृष्ट्या मनाला पटत नाही आणि खर्चही वाढवते. कुक कंपनीचे ‘झेनिथ ब्रांच’ हे या वर्गातील जुने उपकरण युरोपात गोरच्या आधीपासून वापरात आहे. त्याचे आवरण विणलेल्या पॉलिएस्टरचे आणि सांगाडा स्टेनलेस स्टीलचा आहे, आणि त्याच्या सामाईक धमनीतल्या भागाच्या लांबीत अधिक पर्याय मिळतात. मात्र आतल्या धमनीत जाणारी नळी त्यासोबत येत नाही. ती बहुधा दुसऱ्या कंपनीच्या फुग्यावर उघडणाऱ्या स्टेंटमधून निवडावी लागते. गोरने शाखेसाठी स्वतःची नळी दिली हा मला तिचा खरा फायदा वाटतो, कारण दोन भागांची जुळणी एकाच चाचणीत तपासली गेली आहे. अतिशय वळणदार बाहेरच्या धमनीत मी गोरच्या लवचीकतेला झुकते माप देईन. लांबी कमी असेल तर झेनिथचा विचार आधी करेन.

परिणामांचा पुरावा आश्वासक आहे. अमेरिकेतील मान्यतेसाठी झालेल्या अभ्यासात ६३ रुग्ण होते, आणि सहा महिन्यांनी आतल्या धमनीतील शाखा सुमारे ९५ टक्के रुग्णांत उघडी होती. उपकरण बसवलेल्या बाजूला नितंबात नव्याने गोळे येण्याची तक्रार एकाही रुग्णाने केली नाही. याच रुग्णांपैकी ज्यांची दुसऱ्या बाजूची धमनी कॉइलने किंवा बुचासारख्या प्लगने बंद करावी लागली होती, त्यांच्यातल्या चौथ्या हिश्श्याहून अधिक जणांना त्या बाजूला ही तक्रार सुरू झाली. एकाच माणसाच्या दोन बाजूंमधला हा फरक मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा बोलका वाटतो. युरोपातील सहा केंद्रांनी ५७५ रुग्णांतील ६५० शाखायुक्त उपकरणांची एकत्र नोंद ठेवली आहे, आणि तिथेही शाखा दीर्घकाळ टिकतात असेच दिसले. ६३ हा आकडा लहान आहे, आणि ते रुग्ण रचनेच्या कसोटीवर निवडलेले होते, हे मात्र विसरता कामा नये. कठीण धमन्यांत तसेच निकाल मिळतील असे त्यातून सिद्ध होत नाही.

काही रुग्णांत मी या उपकरणाची शिफारस करणार नाही. जंतुसंसर्गामुळे झालेला फुगवटा, मार्फनसारखे संयोजी ऊतींचे आनुवंशिक आजार, आणि तरुण, तब्येतीने धडधाकट असलेला पण वेळोवेळी तपासणीला येणे ज्याला शक्य नाही असा माणूस, यांच्यासाठी पोट उघडून केलेली शस्त्रक्रिया पुष्कळदा अधिक योग्य असते. मूत्रवाहिनी किंवा नस दाबली गेल्यामुळे त्रास होत असेल तर हेही लक्षात ठेवावे, की नळी बसवल्याने फुगवट्यातील दाब कमी होतो, पण त्याचा गोळा जागेवरच राहतो आणि आक्रसायला महिने लागतात. त्रास लगेच थांबेल अशी अपेक्षा रुग्णाला दिली गेली असेल तर ती चुकीची आहे. केवळ आतल्या इलियाक धमनीच्या खोल भागात झालेल्या फुगवट्यासाठीही हे उपकरण नाही. तिथे पुढच्या फांद्या कॉइलने बंद करून वरचे तोंड झाकावे लागते. नुसते वरचे तोंड बांधले तर पुढच्या फांद्यांतून उलट येणारे रक्त फुगवटा वाढवत राहते.

खर्चाचा भाग इथे आकड्यांत मांडणे योग्य होणार नाही, कारण तो रुग्णालय, मुख्य नळीचे माप आणि एक की दोन बाजू यांनुसार बराच बदलतो. सल्ला एवढाच, की उपकरणाच्या प्रत्येक भागाची किंमत, शीथ व तारांसारखे वापरून टाकायचे साहित्य, अतिदक्षता विभागातील दिवस आणि पहिल्या वर्षाच्या सीटी यांचा वेगवेगळा लेखी अंदाज मागावा आणि विम्याची पूर्वसंमती त्याच कागदावर घ्यावी. नियोजनाच्या भेटीत सीटीवर धमनीच्या मध्यरेषेनुसार घेतलेली मापे दाखवण्याची विनंती करावी. आतली धमनी वाचवता येईल का, येत नसेल तर कोणत्या मापामुळे, आणि हे उपकरण या चमूने याआधी बसवले आहे का, हे प्रश्न विचारण्यात अनादर नाही. ज्या सेवेत या प्रश्नांची उत्तरे स्क्रीनवरच्या मापांसह, घाई न करता मिळतात, तिथे पुढचे कामही सहसा नीट होते.

उपचारानंतरची तपासणी आयुष्यभराची आहे. साधारण पहिल्या महिन्यात सीटी अँजिओग्राफी, आणि नंतर दरवर्षी सीटी किंवा डॉप्लर सोनोग्राफी करून नळीभोवती रक्त झिरपत नाही ना, फुगवटा वाढत नाही ना आणि शाखा उघडी आहे ना, हे पाहिले जाते. झिरपणे आढळले तर ते पुष्कळदा पुन्हा सुईच्या मार्गानेच दुरुस्त करता येते, परंतु आढळण्यासाठी रुग्णाने यायला हवे. एका पायात अचानक गारवा, बधिरपणा किंवा चालताना नव्याने सुरू झालेली कळ असेल तर नळीची त्या पायाकडे जाणारी शाखा बंद झाली असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बरेच दिवस ताप हटत नसेल तर धमनीत नळी आहे हे कोणत्याही डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, आणि तंबाखू, बिडी, सिगारेट पूर्णपणे सोडावी, कारण उरलेल्या धमन्या तोच आजार घेऊन जगत असतात.

रुग्णालयातून निघताना उपकरणाचे कार्ड मागून घ्यावे. त्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक व माप असते आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर ते दाखवावे लागते. नितिनॉलची ही उपकरणे ठरावीक अटींमध्ये एमआरआयसाठी सुरक्षित मानली जातात, आणि त्या अटी एमआरआय करणाऱ्याला या कार्डावरून तपासता येतात. कार्डाची एक प्रत घरात आणि एक छायाचित्र मुला-मुलींच्या फोनमध्ये असावे, कारण दुसऱ्या गावी तातडीने दाखल व्हावे लागले तर आत नेमके काय बसवले आहे, हे तिथल्या डॉक्टरांना त्यावरूनच कळते.